औषध पोचवलेलं आहे

४ नोव्हेंबर १९५६, एटापल्ली
आमच्या दवाखान्याच्या स्पॅनिश सिस्टरले नागपूरच्या इस्पितळात नेलं. ताप उतरतच नव्हता. बैलगाडीत पडल्या पडल्याही शिकवून राह्यल्या! दवाखान्याच्या दाराकडे बोट केलं. "एस्ता सेर्रादा." म्हणजे 'बंद केलेलं आहे': बंद केलं, अन् अजून बंदच आहे. नुसतं 'बंद केलं' ते निराळं. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचता याव्या म्हणून दोन वर्षं त्यांची स्पॅनिश शिकतो आहे. मोडकीतोडकी.

७ नोव्हें.
नवे डॉक्टर आले. रोग्यांची वही सारी सिस्टरच्या भाषेत. "कंपाउंडर, तुम्हीच मराठीत उतरवून द्या. इथं दुसऱ्या कोणाला येते?"
जून, जुलै झाले. जखम बांधलेली आहे. सुई टोचलेली आहे. सोपं आहे.

९ नोव्हें.
ऑगस्ट. मैनी, जैनीबाईची पोरगी, नदीपल्याड. हिवताप. "ला मेदिसिना केदा एन्त्रेगादा." औषध पोचवलेलं आहे. पुढे माझं नाव.
त्या दिवशी नदी भरून होती. काठावरून परतलो, कोयनेलच्या गोळ्या खिशातच. सिस्टरनं विचारलं, "दिल्या?" मी हो म्हणालो. उद्या जाऊ, कोणाले कळते...
उद्याचं परवा झालं. चौथ्या दिवशी पोरगी गेली.

१० नोव्हें.
शब्द पुन्हा पाहिला. वाचण्यात चूक असेल म्हणून. नाही.
नमाजले उभा राहिलो तरी ओठांवर तोच. दवाखान्यात बाया पोरं घेऊन येतात, दर कडेवर मैनी दिसते.

१२ नोव्हें.
जैनीबाई आली. धाकट्याले ताप. औषधाची पुडी दिली, ती हातात घेऊन किती वेळ पाहत राहिली.
"माह्या मैनीले सिस्टरबाईनं काऊन नाई धाडली, भाऊ? आमी वाट पाहून राह्यलो होतो."
मी म्हणालो, "पुडी भिजू देऊ नको." एवढंच.
तीन महिने ती सिस्टरले दोष देते आहे. अन् सिस्टर तिकडे तापात.

१३ नोव्हें.
डॉक्टर : "ही एक ओळ कोरी का सोडली?"
"शब्द लागत नाही, साहेब."
आणखी एक खोटं.

१५ नोव्हें.
नदीचं पाणी घोट्याएवढं. पल्याड गेलो. जैनीबाई अंगणात धान पाखडत होती. धाकटा बरा आहे, खेळत होता. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. "बस ना, भाऊ." मले बसवेना.
उभ्यानंच म्हणालो, "सिस्टरनं औषध धाडलं होतं, बाई. मैनीसाठी. माह्याजवळ दिलं होतं."
सूप थांबलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
"मंग?" म्हणाली.
"काठावरून परतलो. माह्या खिशातच राह्यलं, बाई."