नागूबाईची गाठ

प्रिय आरोही,

चटणीचा डबा उघडायच्या आधी हे वाच. शेंगा या वेळी जरा जास्त भाजल्या गेल्यात, नाक मुरडू नकोस. बाबांच्या कारखान्यात टॉवेलांची मोठी ऑर्डर आलीय, ते घरी फक्त जेवायला येतात. वैरागहून अभिमन्यूच्या आईचा फोन होता. हळदीची साडी त्यांनी मला न विचारता घेऊनसुद्धा टाकली. असो, सासू तुझी आहे, तू बघ.

मागच्या महिन्यात मी तुला फोनवर शेजारच्या नागूबाईबद्दल खोदून खोदून विचारलं होतं, आठवतं ना? मानेतल्या गाठीत सुई घातली, लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला, पण प्रकार कळेना. डॉक्टर अख्खी गाठ काढू म्हणतात आणि बाई ऐकत नाही. लॅबमधून दमून आली होतीस, तरी किती समजावलंस. भिंगाखाली त्या पेशी सारख्याच दिसतात. सुती आणि मिश्र सूत हाताला सारखंच लागतं, रंगाच्या टाकीत घातलं की कळतं, तसंच पेशींच्या अंगावरच्या खुणांना रंग चिकटवून तुझं यंत्र बघतं. सीडी पाच ही खूण दोन प्रकारांवर सापडते, सीडी तेवीस बहुधा त्यातल्या संथ प्रकारावरच. संथ निघाला तर काही वेळा वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतात, दुसरा निघाला तर बहुधा लवकर औषध लागतं. प्रकार न ओळखता उपचार करायचे कसे, म्हणून तू नागूबाईवर चिडलीसुद्धा होतीस.

तुझी दगडाआत्या घरी येऊन सांगून गेली, कापलं की पसरतंय, सुरी लावू द्यायची न्हाय. ते खरं नाही हे तू सांगितल्यावर पटलं होतं. पण खरी भीती वेगळीच होती. घरात लेकीचं लग्न ठरलेलं. आईच्या मानेला पट्टी दिसली, आजाराचं नाव फुटलं, तर सोयरीक राहील का? लग्न होईपर्यंत तोंड मिटून बसायचं ठरलं होतं.

नागूबाईची मान ठणठणीत आहे, आरोही. गाठ माझी आहे. पदराआड लपवून लपवून मला स्वतःचाच राग आला. काल अभिमन्यूच्या आईला मी सगळं सांगितलं. घरात विचारून कळवते म्हणाल्या. कळवू देत. सोमवारी मी गाठ काढून घेणार, बाबा सोबत आहेत. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस, म्हणून हे पत्र. येऊ नकोस. गाठीचा ताजा तुकडा तुमच्याच लॅबला येणार आहे, तू यंत्रापाशी थांब. नळीवर माझं नाव दिसेल, तरी काम नेहमीसारखंच कर. नागूबाईची समजून बघ, आणि निघेल ते मला सरळ सांग.

तुझीच हट्टी,
आई