तीनचाकीचा बावटा

२ फेब्रुवारी १९८८, मंगळवार
आज थक्कच झाले. स्वतःची तुटकी चप्पल तारेने बांधून वापरणारा माणूस (आमचे हे!) जेवता जेवता म्हणतो, "मनूक पायडलची गाडी घेऊया." आमची लेक मनू साडेतीन वर्षांची. घेऊया म्हटलं, पण कसली? लगेच दोन पक्ष. ह्यांना हवी पत्र्याची मोटार, आत बसून पायडल मारायची, स्टेअरिंगवाली. मला तीनचाकी सायकल. मोटारीत पोर जमिनीला टेकून बसतं, कुणाला दिसणार?

त्यावर ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून वाढायचा डाव हातातच राहिला. "खरां आसा तुजां. केबिनीतून बोनेटच्या फुडचां खालचां कायच दिसणा नाय. म्हस बसली तरी कळाचां नाय."

सात वर्षं हा माणूस सावंतवाडीहून येऊन इथे खनिजाचा ट्रक चालवतोय, आणि मला हे आज कळतंय! डिचोलीतले सगळे ट्रक आमच्याच दारावरून नदीच्या धक्क्यावर जातात. गोव्याचं राज्य झाल्यावर ट्रकांना गावाबाहेरून बगलरस्ता होणार म्हणत होते. कुठला बगलरस्ता.
ठरलं. तीनचाकी.

५ फेब्रु., शुक्र.
म्हापशाचा बाजार. हे ट्रकवर, म्हणून शेजारच्या प्रेमाबायला सोबत घेतलं. दुकानात मनू त्या पत्र्याच्या मोटारीत जाऊन बसली ती उठेचना. असा गळा काढला की मिरच्यावाल्या बायका बघायला आल्या. मी शरमेने अर्धी. शेवटी तीनचाकीच्या घंटीने काम केलं. एकदा टिणटिण ऐकली आणि मोटार विसरली.
निळी घेतली. दुकानदार म्हणाला, "बाये, हाका ब्रेक ना. पायडल रावयल्यार गाडी रावता." पायडल पुढच्याच चाकाला, ते थांबवलं की गाडी थांबते. बरं वाटलं, हिच्या पायांच्या ताब्यात राहील.

७, रवि.
माझा पिवळा ब्लाऊज गेला! जुना म्हणे. दिवाळीत घातलेला जुना कसा? ह्यांनी तो टरकावला, बांबूची लांब काठी तासली आणि तीनचाकीच्या मागे पिवळा बावटा उभा केला. खाणीवर साहेबांच्या जीपला असाच असतो, डंपरवाल्यांना वरून दिसावा म्हणून. तांबड्या धुळीत लाल दिसत नाही, म्हणून पिवळा.
मी म्हटलं, "आंगणांत खंयचो डंपर येतलो?"
हसले नुसते. प्रेमाबाय म्हणाली, मामलेदारीण आली. खूप हसलो. ब्लाऊजचा राग आहेच.

११, गुरु.
मनूला पायडल जमलं. सोप्यापासून कुंपणातल्या बेड्यापर्यंत आणि परत. बेड्याच्या काठ्या लावलेल्या असतात, म्हणून काळजी नाही. पलीकडे उतार आणि रस्ता.
हे दुपारच्या खेपेला वळणावर हॉर्न देतात, दोन आखूड, एक लांब. लग्न झाल्यापासूनचं आहे. आता मनू बेड्याशी जाऊन घंटी वाजवते. "पप्पाक जाप दिता," म्हणते, उत्तर देते म्हणे. ह्यांना ट्रकच्या आवाजात ती काय ऐकू येणार! पण संध्याकाळी तोंड भरून सांगतात, "आयकलंय गो." मीही तो हॉर्न ऐकूनच पान मांडते. म्हणजे आज माणूस धड आहे. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

१६, मंगळ.
तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. अक्षर लागेल की नाही.
पाववाला पोदेर आला होता. मी पाव डब्यात ठेवायला आत गेले. बेड्याच्या काठ्या निघालेल्याच राहिल्या. हॉर्न झाला. घंटी वाजली. मग घंटी लांबून वाजली.
धावले. मनू उतारावर. पाय वर उचललेले, पायडल आपली आपण गरगर फिरतायत. ह्यांच्या ट्रकचा ब्रेक किंचाळला. मग धूळ. काहीच दिसेना. मी धुळीत हातांनी चाचपडत होते, देवा, जमिनीवर चाचपडत होते.
मनू बोनेटच्या पुढे, मधे वीतभर जागा. हॅंडल धरून बसलेली. खूश! वर बघून म्हणते, "पप्पा, तूं रावलो!"
हे खाली उतरेचनात. मागचे ट्रक कोकलत होते. मी चढून दार उघडलं, तर स्टेअरिंग सोडायला तयार नाहीत. एवढंच म्हणाले, "ती दिसाक नाय गो. धुळीत पिवळां कायतरी हाललां."

१७, बुध.
दोघंही न जेवता. तीनचाकी माळ्यावर. मनू माळ्याकडे बघून रडते. तिला वाटतं, तिने पप्पाला थांबवलं, चांगलंच केलं.

१९, शुक्र.
हे कामावर गेले. दुपारी हॉर्न नाही. भात निवला. पदर खोचून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. किती ट्रक गेले. मग ह्यांचा. समोरच बघत गेले, हॉर्न न देता.
हे घरी आल्यावर मी भांडले. म्हणाले, "माज्याच हॉर्नाक ती भायर पडली. आता वाजवचंय नाय."
तेव्हा सांगून टाकलं, की त्या हॉर्नावर मी जेवते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मी दुसरीच कुणीतरी असल्यासारखं. उठून माळ्यावरून तीनचाकी काढली, परसात नेऊन ठेवली. बावटा नीट केला.

२२, सोम.
परसात चालव म्हटलं तर ऐकत नाही. तीनचाकी सोप्यावर ओढत आणते आणि दुपारी तिच्यावर बसून राहते. बोट घंटीवर. दुसऱ्या कुणाचा हॉर्न झाला की मान हलवते. "तो पप्पा न्हय."
ह्यांचा ट्रक हॉर्न न देताच गेला. चढणीला गिअर बदलताना तो खाकरतो, मला कळला. तिला नाही कळला.
"आई, पप्पा आयज येऊंक ना?"
"येतलो," म्हटलं. बेड्याच्या काठ्या पुन्हा एकदा बघून आले.
रात्री ह्यांना म्हणणार आहे, एकदाच वाजवा. नको. म्हणू?
पान मांडलंय. मनू अजून सोप्यावरच आहे.