चारचा झाला नऊ

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

रागावलेल्या माणसाला आधी नमस्कार करावा, म्हणून तुला वाकून नमस्कार. आई, भाऊजी बरे असतील. मी मजेत आहे.

खोली तीच, तिसऱ्या मजल्यावरची. शेजारी कोण राहतं ते आठ महिन्यांत कळलं नाही, भिंतीपलीकडचा खोकला तेवढा ओळखीचा झालाय.

तू विचारायचीस, "फार्मासिस्ट झालीस ना, मग आता पुन्हा कसलं शिकतेस?" तर लहान मुलांच्या औषधांचं. मोठ्यांना अख्खी गोळी देऊन भागतं, बाळाला किलोमागे मोजून द्यावं लागतं. कधी एका गोळीची पूड करून आठ वाटे करते, कधी कडू औषध आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघते. बाकी दिवसभर इस्पितळाच्या औषधखान्यात काचेमागे बसून आकडे तपासायचे. बोलणं म्हणशील तर "पुढचा कागद द्या", एवढंच.

तुझा निरोप मिळाला. "बाळाला मावशी आहे की नाही, तेवढं कळव." तीनदा वाचला. रजा मिळत नाही म्हणाले होते ना मी? ताई, रजा मिळत होती. मी मागितलीच नाही.

तुझी लेक जन्मली त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. वॉर्डात पाच महिन्यांची एक मुलगी होती, अंगात जंतू भिनलेले. तिच्या इंजेक्शनचा कागद माझ्याकडे आला. वजन ४.२ किलो होतं, पण लिहिणाऱ्याच्या हातून इंग्रजी आकड्यातला चार (4) वरून मिटला होता. मी नऊ वाचला. डॉक्टरांनीही नऊच धरून डोस लिहिला होता. माझा हिशेब जुळला, मी सही केली. दुसऱ्या डोसच्या वेळी नर्सने फोन केला, "अहो, हे बाळ नऊ किलोचं? एकदा येऊन तरी बघा." तोवर दुपटीहून जास्त औषध एकदा तिच्या अंगात गेलं होतं. जास्त झालं तर मूत्रपिंडांवर आणि कानांवर जातं ते. एका डोसने सहसा काही होत नाही. पण "सहसा" या शब्दावर झोप लागत नाही गं.

मला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बाळाच्या आईला सांगायला मी सोबत येते. बोलायचं मात्र तू."

मी सांगितलं. ती बाई बाळाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "नऊ किलोची असती, तर मी इथे कशाला आले असते?"

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. कानांचं मात्र तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. मधेच भाऊजींचा फोन, "मुलगी झाली, मावशी!" आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "वजन किती?" भाऊजी हसले. फोन ठेवून मी जिन्यात बसून रडले. तुझ्या लेकीला कुठल्या हातांनी घेऊ, हेच मला कळेना. म्हणून रजेचं खोटं. इथे कुणापाशी मन मोकळं करावं असं माणूस नाही, आणि तू आहेस, तर तुझ्याशीच मी खोटं बोलत बसले.

परवा ती बाई काचेशी आली. तपासणी झाली होती. "ऐकू येतंय नीट," म्हणाली. आनंदही दाखवला नाही, रागही नाही. हातात दोन पिशव्या, खांद्यावर पोर. तिला कागदावर सही करायची होती. इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. "धरा हिला जरा," म्हणाली.

आठ महिन्यांत मी हातात घेतलेलं हे पहिलं मूल, ताई. तिने माझा चष्मा ओढला. तिची आई सही करून म्हणाली, "सगळ्यांचे ओढते ती." मग पोर घेऊन निघून गेली.

त्याच दुपारी रजेचा अर्ज दिला. मॅडमनी काही न विचारता मंजूर केला. शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. दारातच काय बोलायचं ते बोलून घे. मी ऐकून घेईन. आपल्या आईला यातलं काही सांगू नकोस, मी आल्यावर मीच सांगेन.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझीच धाकटी