प्रेसवरची जागा

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखाना उघडला! साथ सरली, भोंगा वाजला आणि तुझा बारक्या पुन्हा पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिला. खोकला तेवढा अजून मुक्काम हलवत नाही.

पण जागा कशी मिळाली ते ऐक. सुपरवायझरने फाटकावरच सांगितलं की जुनी निम्मीच माणसं घेणार. जो आपल्या यंत्रापाशी आधी पोचेल, काम त्याचं. फाटक उघडलं आणि आमच्यात माणूसपण उरलं नाही. कुणाचे दात पडले, कुणाचं डोकं पायरीवर आपटलं. प्रेसवर जुन्यातला एकच ठेवून जोडीला कमी पगाराचा नवा देणार होते आणि माझा जोडीदार लंबू माझ्या पुढे होता. मी मागून त्याच्या गुडघ्यावर पाना घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, तरी त्याला ओलांडून पळालो. घरात पोरगी दुधासाठी रडतेय, ताई. दुसरं काय करणार होतो?

रागावलीस तरी मला टाकू नकोस.
तुझा बारक्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पेपरवाले ढोल बडवताहेत की रोजगार परत आले. इथे आमच्या शिवणाच्या शेडमध्ये भरती झाली, तेव्हा बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकीचा कान फाटला. म्हणून तुला पुराण सांगत नाही. पण लंबू? अरे, तू तापाने फणफणला होतास, आम्ही सख्खी माणसं दाराशी यायला धजत नव्हतो, तेव्हा औषध घेऊन आत शिरला तो लंबूच ना? समोर असतास तर थोबाड फोडलं असतं तुझं.

तू पत्रा सरकवायचास, हात काढून मान हलवायचास, मग तो पायाने पट्टी दाबून प्रेस खाली आणायचा. आता पट्टीवर कोण आहे? मला काळजी वाटते. जा, आधी त्याचे पाय धर.

शिव्या देते, पण जीव तुझ्यातच आहे.
तुझी ताई

ता. १९ फेब्रुवारी

सौ. ताईंना,
लंबूचा सा. न. वि. वि.

अक्षर परकं पाहून घाबरू नका, बारक्या जिवंत आहे. उजवा हात मात्र मनगटापासून गेला. पत्रा सरकवताना त्याला खोकल्याची उबळ आली, मान हलली. पट्टीवरच्या नव्या माणसाला ती खूण वाटली. मला त्याचा खोकला पाठ होता, त्या बिचाऱ्याला कुठून असणार! हाताचा चेंदामेंदा झाला. त्याला उचलून बाहेर नेण्याआधीच तिघे त्या जागेसाठी एकमेकांवर तुटून पडले, आणि एकजण बारक्याच्याच रक्तावरून घसरून कपाळ फोडून बसला.

मी कुबड्या घेऊन दवाखान्यात गेलो. खोटं कशाला बोलू, बरं झालं म्हणायला गेलो होतो. त्याला पाहिलं आणि एक सणसणीत मुस्काटात ठेवून दिली. मग दोघंही लहान पोरांसारखे रडलो.

सुपरवायझरचा निरोप आलाय की स्टुलावर बसून पत्रा सरकवणं जमत असेल तर बारक्याची जागा मला देतील. मी त्यालाच विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला की लवकर जा, नाहीतर दुसरा कुणीतरी पोचेल.

मी जातोय, ताई. माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत. लोभ ठेवायचा की तोडायचा, ते तुम्ही ठरवा.

आपला,
लंबू