तिमाहच्या होडीत काय झालं

साखर पेठ, सोलापूर
ता. १९ नोव्हेंबर १९३३

सौ. नागम्मा वदिना यांस,
सुंदरम्माचा पाया पडून नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडायला लागलीय. मी शेजारच्या दोन मागांना कांड्या भरून देते, प्रेमला हाताशी असते. तिला चौदावं सरत आलं, उंची वडलांची घेतलीय. तुमचा गुडघा आता कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधत जा, आळस करू नका.

तुम्ही तुमच्या नारायणासाठी प्रेमलाला मागितलंत. "माझ्या भावाचं रक्त माझ्या घरात येऊ दे," असं लिहिलंत. भावाची मुलगी बहिणीच्या घरी द्यायची ही आपली रीतच आहे, आणि नारायणासारखा शांत मुलगा मला शोधून सापडायचा नाही. मी त्याच दिवशी होकार लिहायला बसले होते. चार कागद फाडले. हे तेलुगूत तोंडानं सांगता आलं असतं तर बरं होतं, पण तुमच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही, आणि लिहायला आपल्या दोघींना शाळेतली मराठीच येते.

वदिना, तुमचे भाऊ, प्रेमलाचे वडील, तापानं गेले नाहीत. पेनांगहून मी तसं कळवलं ते खोटं होतं. ते समुद्रात गेले.

एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटलं होतं. पण मग तुम्ही विचाराल, कसे गेले.

सन एकवीसला गिरणीतलं काम सुटलं आणि आम्ही मद्रासहून आगबोटीनं मलायात गेलो, तेव्हा प्रेमला दोन वर्षांची होती. पेनांगच्या समोरच्या किनाऱ्यावर रबराचा मळा होता. यांना तेलुगू, कानडी, मराठी तिन्ही यायच्या, म्हणून वर्षाच्या आत मॅनेजरनं यांना मुकादम केलं. तुम्हाला पाठवलेल्या फोटोत यांच्या हातात वेताची काठी आहे. तुम्ही लिहिलं होतंत, मल्लू साहेब दिसतो. त्या काठीनं हे माणसं मारायचे. रबराचा चीक सांडला की मारायचे, चिकाची वाटी फुटली की मारायचे. मलाही मारायचे. माझं डाव्या हाताचं बोट वाकडं कसं झालं असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी दारात सापडलं म्हटलं होतं. ते दार नव्हतं.

मळ्याच्या खाली खाडी होती आणि खाडीकाठी मलायी कोळ्यांची वस्ती. प्रेमला पाच वर्षांची झाली तशी तिकडं पळायला लागली. तिथली पोरं सुपारीची वाळलेली झावळ घ्यायची, एकानं तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्यांनी ओढत वाळूतून पळायचं. प्रेमला गुडघे फोडून यायची आणि हसायची. भोवरे तर एवढे जड की एकाचा दुसऱ्यावर आदळला तर चिरफाळ्या उडाव्यात. पाच खडे घेऊन पोरी सागरगोट्यांसारखंच खेळायच्या, फक्त गाणं त्यांचं.

एक दिवस तिला शोधत गेले तर ती एका म्हातारीच्या घरात बसलेली. लाकडी खांबांवर उभं घर. म्हातारीपुढं एक लांबडी फळी होती, होडीसारखी दोन्ही टोकांना निमुळती. तिच्यात सात-सात खळग्यांच्या दोन ओळी आणि खळग्यांत कवड्या. वदिना, मी बघतच राहिले. आपल्या अंगणात खळगे करून चिंचोक्यांनी आपण खेळायचो तोच खेळ. त्या म्हातारीची भाषा मला येत नव्हती, तिला माझी येत नव्हती. मी समोर बसले आणि पहिल्याच डावात तिच्या अकरा कवड्या घेतल्या. ती इतकी हसली की पानाची पिंक अंगावर उडाली.

तिचं नाव तिमाह. सगळे मा तिमाह म्हणायचे. आई तिमाह. हळूहळू मला तिची भाषा आली. ती स्वतःची शिडाची होडी चालवायची. खोबरं, सुकी मासळी, छपराची पानं घेऊन पेनांगला जायची. तिच्या उजव्या हातावर दंडापासून मनगटापर्यंत व्रण होता. तरुणपणी भर समुद्रात चोरांनी तिची होडी गाठली, नवऱ्याला आणि दिराला तिच्यासमोर कोयत्यानं तोडलं. तिच्याही हातावर घाव बसला. ती मेल्याचं सोंग करून पडून राहिली, आणि चोर माल उतरवण्यात गुंतले तशी दोर कापून होडी ओहोटीच्या चिखलात घातली. तिथली वाट तिला आजीनं शिकवलेली. आजीही होडी चालवायची. चोरांची बोट रुतली, तिची निघाली. दोन प्रेतं घेऊन एका हातानं सुकाणू धरून ती घरी आली.

मी विचारलं, "मग सरकारनं काही मान दिला का?"

ती म्हणाली, "बंदराच्या वहीत होडी अजून नवऱ्याच्या नावावर आहे. मी कचेरीत गेले की कारकून विचारतो, होडी कोण हाकतं? मी म्हणते, मी. तो हसतो आणि नवऱ्याचं नाव लिहितो."

सव्वीस सालच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मळ्यावर बिरप्पा नावाचा आपल्या अक्कलकोटकडचा माणूस होता आणि त्याची बायको नागव्वा. बिरप्पाला हिवताप भरलेला. तो झाडाखाली बसला. हे आले, म्हणाले, "ऊठ." तो म्हणाला, "अण्णा, पाय उचलत न्हाईत की." यांनी मारायला सुरुवात केली. पंचवीस माणसं उभी होती, मीही उभी होते. पहिल्यांदा तो ओरडला, मग नुसता कण्हला, मग आवाज आला तो फक्त काठीचा. काठी मोडली तशी हे लाथेनं मारू लागले. संध्याकाळपर्यंत बिरप्पा गेला. मळ्याच्या पुस्तकात लिहिलं, तापानं मेला. तुम्हाला कळवताना मला तो शब्द कुठून सुचला, ते आता समजलं असेल.

नागव्वा म्हणाली, "मी पेनांगला जाते. तितं मजुरांचा सायेब हाय, त्याला सांगते." ते यांच्या कानावर गेलं. चिकाचे तावे धुरावर वाळवायची एक खोली असते, तीत यांनी तिला कोंडलं आणि खाली शेकोटी चालू ठेवली. दुपारी जेवायला आले, हात धुतले, म्हणाले, "भात वाढ." मी वाढला. हे जेवून आडवे झाले. खुंटीवरची किल्ली घेऊन मी गेले.

दार उघडलं तर नागव्वा जमिनीला तोंड लावून श्वास घेत होती. भुवया जळालेल्या. तिला खांद्यावर घेतलं, प्रेमलाला हाताला धरलं आणि खाडीकडं धावले. मा तिमाह होडीत नारळ भरत होती. मी काही सांगायच्या आत तिनं नागव्वाचं तोंड बघितलं, नारळ पाण्यात लोटून दिले आणि म्हणाली, "बसा. ओहोटी लागलीय."

आम्ही काठापासून वीस हातही गेलो नव्हतो. हे पळत आले, मागं दोन माणसं. ती दोघं लहान होडी सोडायला लागली. हे थांबले नाहीत, छातीभर पाण्यात शिरले आणि मागून आमच्या होडीला धरून वर चढले. हातात झाडं छाटायचा कोयता.

मा तिमाह सुकाणू सोडून उठली नाही. तिनं सुकाणू सोडलं असतं तर होडी आडवी झाली असती. यांनी तिच्या हातावर कोयता घातला. दोन बोटं होडीत पडली. मी ती पाहिली, वदिना, हलत होती. म्हातारीनं दुसऱ्या हातानं सुकाणू धरलं. मग यांनी प्रेमलाचे केस धरले आणि म्हणाले, "सुंदरी, उतर खाली, न्हाईतर हिला पाण्यात टाकतो."

माझ्या पायाशी वल्हं होतं. मी ते उचलून मारलं. कानशिलावर बसलं. कोयता हातातून सुटला, हे पाण्यात पडले.

हे असंच कोर्टात सांगितलं गेलं, फक्त मारणारी मी नव्हते. कोर्टाच्या कागदावर लिहिलंय की होडीवाल्या तिमाहनं मारलं. तिनंच तसं सांगितलं. पेनांगला पोचायच्या आधी, लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून ती मला म्हणाली, "माझी मुलं समुद्रानं नेली. हा हात आता सुकाणू धरायचा नाही. तुला पोर आहे. तू गप्प बस."

मी गप्प बसले. कोर्टातल्या साहेबानं मला विचारलं, "कुणी मारलं?" मी मान खाली घातली आणि म्हातारीकडं बोट दाखवलं. नागव्वाला खरं माहीत होतं, तीही बोलली नाही. तिमाहला पाच वर्षांची शिक्षा झाली. बिरप्पाच्या खुनाचं काही झालं नाही, आरोपी मेला म्हणून कागद बंद केला. नागव्वा तिथंच राहिली. दोन वर्षांनी तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, म्हातारी तुरुंगात वारली. आयुष्यभर समुद्रावर होडी हाकली त्या बाईचं नाव सरकारी कागदावर एकदाच आलं, खुनी म्हणून. आणि ते मी घातलं.

एवढं लिहून काल पत्र मिटलं होतं. आज परत उघडलं. एक गोष्ट राहिली आहे. ती मी देवापुढंही बोललेली नाही.

पहिल्या फटक्यानं तुमचे भाऊ मेले नाहीत.

ते पाण्यातून वर आले. डोळ्यांवर रक्त. दोन्ही हातांनी त्यांनी होडीची कड धरली. हातात काही नव्हतं. राग गेला होता. माझ्याकडं बघून लहान मुलासारखं म्हणाले, "सुंदरी, हात दे. मला पोहायला येत न्हाई." त्यांना पोहता येत नाही हे मला माहीत होतं. मागची होडी येत होती, पण लांब होती. मी हात दिला असता तर चाललं असतं. नुसतं वल्हं पुढं केलं असतं तरी चाललं असतं. मा तिमाह ओरडली, "पुरे!" मी ऐकलं. मी वल्हं उचललं आणि त्यांच्या बोटांवर मारलं, आणि परत डोक्यावर मारलं. मग ते वर आले नाहीत. तिमाहनं होडी चिखलाच्या वाटेत घातली, मागची होडी रुतली, आणि आम्ही सुटलो.

पहिल्या वेळी मी पोरीला वाचवत होते. दुसऱ्या वेळी माझ्या डोळ्यापुढं पोर नव्हती. बिरप्पाही नव्हता. माझं बोट होतं, आणि मार खाल्लेली ती सगळी वर्षं होती.

प्रेमलानं हे सगळं पाहिलं. तेव्हापासून त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. तुमचं पत्र तिनंच मला वाचून दाखवलं. घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, "आई, आत्याला खरं लिही. मी त्यांच्या घरात ही गोष्ट पोटात घेऊन स्वयंपाक करणार नाही. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन."

तुम्ही त्यांना आईविना वाढवलंत. कडेवर घेऊन माग चालवलात. तुमच्यापुढं मी माफीही मागू शकत नाही, कारण ती दुपार परत आली तर मी काय करीन, ते मला माहीत नाही. पोलिसांत द्यायचं तर हे पत्र द्या, खाली माझी सही आहे. फक्त मुलीवर राग काढू नका. ती त्यांचीही आहे.

तिमाहला तुरुंगात पाठवणारी,
आणि तुमच्या भावाला मारणारी,
सुंदरम्मा


मैंदर्गी
ता. ३ डिसेंबर १९३३

सुंदरम्मास,

पत्र पोचलं. मी घरात कुणाला वाचू दिलं नाही. चुलीत घातलं.

मल्लू बारा वर्षांचा असताना शेजारच्या विणकराच्या मुलीला त्यानं मागाच्या दांडक्यानं मारलं होतं. तिचा एक डोळा गेला. मी लोकांना सांगितलं की ती पायरीवरून पडली. मुलीच्या आईनं माझे पाय धरले, खरं सांग म्हणाली. मी सांगितलं नाही. तो रात्री माझ्या कुशीत झोपला आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवला. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं, हे दहा दिवस विचार करते आहे.

तरी तो हात दे म्हणाला होता. हे तू मला का लिहिलंस? बाकी सगळं मी सोसलं असतं.

लग्न माघात करू. नारायणाला मी एवढंच सांगितलंय की या घरात बाईवर हात उगारला तर मी त्याची आई नाही. मुलीला आणायला तिचे मामंजी येतील. तिला पाठव. ती माझी आहे, तिला मी डोळ्यांत जपेन.

तू येऊ नकोस. अक्षता तुझ्या घरूनच टाक. तुझे हात मला बघवायचे नाहीत.

मल्लिकार्जुनाची अक्का,
नागम्मा