मोठ्याने विचार करायचा सराव

३ फेब्रुवारी, मंगळवार
नापास! सौरवने फोनवर सराव-मुलाखत घेतली. मेडिकलला माझ्या वर्गात होता, आता मुंबईत कन्सल्टिंग कंपनीत आहे; तिथेच मी अर्ज केलाय. स्वतःची कामं सोडून रोज तासभर मला देतो. कुठे फेडू हे उपकार!

प्रश्न साधा — हॉस्पिटलचं उत्पन्न का घटलं? मी चार मिनिटं गप्प, मग एकदम उत्तर. "उत्तर नको गं मयुरा, डोक्यात काय चाललंय ते ऐकव. मोठ्याने विचार कर."

कसं करू? सहा वर्षं कॅज्युअल्टीत उलटंच शिकले. पेशंटसमोर शंका बोलायची नाही, घाबरतात.

५ फेब्रुवारी
सवय लागली वाटतं! आज धोंडबा म्हणून एक आजोबा आले, छातीत जळजळ. ईसीजी बघता बघता त्यांच्यासमोरच पुटपुटले — हृदय ठीक दिसतंय, मग पित्त? की कुठली गोळी? जीभ चावली. आजोबा मात्र खूश. "गोळी तं हाय ना, बाई. गुडघ्यासाठी घेऊन राहिलो, उपाशीपोटी. कोणी विचारलंच नाही मले."

दिवसभर बरं वाटत राहिलं.

७ फेब्रुवारी
सुट्टी. दार लावून खोलीत सराव. एक केस काही सुटत नाही — पेशंट दारात थांबलेत, तरी वॉर्डात पलंग रिकामे. का?

खरी केस तर बाहेरच्या खोलीत बसलीय. बाबा. सावनेरकडे कोळसा खाणीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं वॉर्डबॉय होते. दारावरची 'डॉ. मयुरा' पाटी त्यांनी स्वतः ठोकली, रोज पुसतात. मी पेशंट सोडून कंपन्यांना सल्ले देणार, हे त्यांना कसं सांगायचं? मुलाखत होईपर्यंत तरी नकोच.

८ फेब्रुवारी
जेवताना बाबा सहज म्हणाले, "आमच्या वॉर्डात पलंग रिकामे दिसत, पर चादरी धोब्याकडून आल्याच नसत." काय योगायोग! हात धुऊन आधी वहीत लिहिलं.

११ फेब्रुवारी
सदर भागातल्या एका हॉटेलात मुलाखत झाली. घरी ड्यूटी सांगितली. बोलत राहिले, अडखळले तेही मोठ्याने. चादरींचं सांगितलं तेव्हा समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. मनातल्या मनात बाबांच्या पाया पडले. आणि त्यांनाच खोटं सांगून आले होते. लाज वाटली.

१३ फेब्रुवारी
निवड झाली! सौरवला फोन केला आणि रडूच आलं. दोन मार्चपासून मुंबई. बाबांना उद्या सांगेन. नक्की.

१४ फेब्रुवारी
सांगितलं. बाबा आत गेले आणि मोठी बॅग घेऊन आले. धुतलेली, चेन नवीन बसवलेली.

"पाच-सहा दिवस झाले, तयार हाय. भिंत पातळ हाय वं आपली. तू बोलून राहिली होती, मी ऐकून राहिलो होतो. 'बाबांना कसं सांगू', हे बी मोठ्यानंच म्हणत होती तू."