राणीची किंमत एक प्यादं

२ जानेवारी, शुक्रवार. पूजेनंतर.
नव्या वर्षाचा संकल्प एकच. सांडूला हरवणे. देवापुढे बसून केला, त्यामुळे यात द्वेष नाही.
पिशोरच्या शाळेत सातवीत असताना सांडूने बुद्धिबळात मला एका प्याद्याने मात दिली. तेव्हापासून सगळं गाव मला प्यादं म्हणतं. वडिलांनी हौसेने नाव ठेवलं होतं राजकुमार. सांडूचं आता तिथंच फ्लेक्सचं दुकान आहे. २५ तारखेला आमच्या बॅचचं गेट-टुगेदर. फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो. काल फोनवर म्हणाला, तुझ्या नावाफुडं कंसात प्यादं टाकतो, नायतर वळखणार कोण तुला? मी म्हटलं, त्याआधी एक डाव होऊन जाऊ दे. जिंकलो तर नुसतं राजकुमार. तो हसत सुटला. हसणं थांबल्यावर कबूल झाला.

४ जानेवारी, रविवार.
चिंतन केलं. सांडू माझ्याकडून आजवर एकदाही हरलेला नाही. दोष माझ्यात नाही, बुद्धिबळात आहे. सगळं उघड्यावर मांडलेलं. देवाला मध्ये काही करायला वावच नाही.
आमची मुलगी श्रेया कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एक पत्त्यांचा खेळ खेळते. प्रत्येकाने हलके पत्ते घेऊन सुरुवात करायची, ते मोडून भारी पत्ते विकत घ्यायचे, आपला गठ्ठा तगडा करत न्यायचा. ती त्याला डेक म्हणते. ऐकता ऐकता सुचलं. पट बुद्धिबळाचा, पण हातात ज्याचा पत्ता आला तेच सोंगटं हलवायचं. सुरुवातीला हातात प्यादीच. प्यादी देऊन बाजारातून घोडा, उंट, हत्ती, वजीर घ्यायचे.
सांडूला बुद्धिबळ येतं. पत्तेही येतात. दोन्ही एकत्र फक्त मला येतात. यात फसवणूक नाही, अभ्यास आहे.

५ जानेवारी.
औरंगपुऱ्यातून पत्त्यांचा कॅट आणला. पिशवीत वरून कोथिंबीर ठेवली. पत्ते म्हणजे जुगार, असं आमचे गुरुजी सांगत. पण पटावर ठेवलेला पत्ता त्यात मोडत नसावा. तरी देवघराचा पडदा ओढून घेतला. देवांनाही जरा विश्रांती.
खेळाला नाव दिलं पत्तेबळ. बायको, मंजुषा, म्हणाली, आणि बुद्धी कुठं गेली?

६ जानेवारी. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
आकडे सगळे प्यादी केले, गुलाम घोडा, एक्का वजीर. बाकीचंही जमलं. चार राण्या उरल्या. बुद्धिबळात बाईमाणूसच नाही. काढून टाकणार होतो, तर मंजुषा भाजी निवडता निवडता म्हणाली, घरातली बाईच तेवढी जड झाली का तुम्हाला?
घरात शांतता हवी म्हणून नियम लिहिला : राणी हातात धरून ठेवली, तर तोवर राजाला मात होत नाही. किंमत, एक प्यादं. नुसत्या बसून राहणाऱ्या पत्त्याला कोण विचारतंय?
श्रेयाने वाचलं. म्हणाली, पप्पा, एवढ्या स्वस्तात? राणी फारच ओपी आहे. ओपी म्हणजे काय ते विचारलं नाही. चेहऱ्यावरून कौतुकच वाटलं.

९ जानेवारी.
सराव. उजवा हात विरुद्ध डावा. डावा जिंकला. तोही माझाच, म्हणजे तयारी चांगली आहे.
शेवटचा नियम घातला : वाद झाल्यास ज्याचं घर त्याचा निर्णय. सांडू हर्सूलला माझ्याकडे येणार आहे. पाहुण्याला वादाचा त्रास नको, एवढाच हेतू.

११ जानेवारी, रविवार.
वजिराच्या पत्त्यांमागे गंधाचा बारीकसा ठिपका लागलाय. चारही वजिरांना. पत्ते हाताशी होते, पूजा चालू होती, लागला असेल. देवाघरची खूण पुसू नये.

१४ जानेवारी. संक्रांत.
सकाळीच सांडूचा मेसेज. तिळगूळ घे प्याद्या, गोड बोल. गोड बोललो नाही. अंगठा पाठवला.
संध्याकाळी कपाट उघडलं तर एकूण एक पत्त्यामागे गंधाचा ठिपका. मंजुषाचं काम. म्हणाली, चौघांनाच कशाला? सगळ्यांचंच भलं होऊ द्या की.
बाई भोळी आहे. रागावण्यात अर्थ नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार.
हर्सिद्धी मातेचं दर्शन. जिंकू दे असं मुळीच मागितलं नाही. न्याय होऊ दे, एवढंच म्हटलं. नारळ मात्र मोठा घेतला.
घरी आलो तर वेगळीच बातमी. सांडूला फ्लेक्सच्या घाईमुळे दुकान सोडता येत नाही. त्याच्या बायकोने आम्हा सगळ्यांना परवा शेतात हुरडा खायला बोलावलंय, आणि मंजुषाने मला न विचारता हो म्हणून टाकलंय. डाव तिकडंच होणार. वर म्हणते, हुरडा काय उठून इथं येणार का?
घराचा नियम आठवला. खोडून टाकू का? नको. लिहिलेलं खोडणं बरं दिसत नाही. आणि वाद होईलच कशाला? जिंकणार मीच आहे.

१८ जानेवारी, रविवार. रात्री.
हुरडा उत्तम होता.
बाकीचं थोडक्यात. शेतातून परतल्यावर सांडूच्या ओसरीवर डाव मांडला. नियमांचा कागद त्याने दोनदा वाचला. मला वाटलं, समजत नाहीये. मी पहिला वजीर घेतला, हत्ती घेतला. तो घुटमळत होता. तेवढ्यात आतून चहा घेऊन मंजुषा आली आणि म्हणाली, भावजी, राण्या लई स्वस्तात हायेत बघा.
सांडूने चार प्यादी दिली, चार राण्या घेऊन बसला. त्याचा राजा पटाच्या मधोमध, अंगणात बाज टाकून पडावा तसा. तीनदा कोंडला. तिन्ही वेळा सांडूने एक राणी दाखवली आणि हुरड्याची मूठ तोंडात टाकली.
मी म्हटलं, चारही राण्या एकाच्याच हातात चालणार नाहीत. वाटून घ्यायला पाहिजेत. तो म्हणाला, वाद हाये का? मी म्हटलं, हो, आहे. त्याने कागद उचलला, खालची ओळ मोठ्यांदा वाचली आणि विचारलं, अक्षर कुणाचं रे ह्ये? घर कुणाचं? चालतात म्हन्लं का मी? मग चालतात.
श्रेया इतकी हसली की तिला ठसका लागला.
शेवटी मात बसली ती एका प्याद्याने. त्याच्याकडे तेवढं एकच उरलं होतं.
परतताना गाडीत मी मंजुषाला विचारलं, तू कुणाच्या बाजूची? म्हणाली, न्यायाच्या. तुम्हीच नाही का मागितलात देवीला?

१९ जानेवारी.
सांडूला सविस्तर मेसेज केला. डाव प्रायोगिक होता, निकाल धरू नये. फ्लेक्सवर नुसतं राजकुमार टाकावं. उत्तर आलं, काळजी करू नको, कंस काढून टाकतो.
मोठ्या मनाचा माणूस आहे. उगाच वाईट चिंतलं. उद्यापासून त्याच्यासाठी रोज एक माळ जास्त.

२५ जानेवारी, रविवार. पिशोरहून परत.
शाळेच्या फाटकावर फ्लेक्स. सगळ्यांचे फोटो, खाली पूर्ण नावं. माझ्या फोटोखाली ठळक अक्षरात : प्यादं.
कंस काढलाय. राजकुमारही काढलंय. सांडू म्हणाला, जागा कमी पडली रे, एकच काहीतरी ठेवायचं व्हतं.
सगळ्यात खाली, सोनेरी अक्षरांत : विशेष आभार, मंजुषावहिनी. तिच्यासाठी जागा पुरली.
मंजुषाने फ्लेक्ससमोर फोटो काढून घेतला आणि वाटेतच तो डीपीला लावला. तिच्या खांद्यामागे मी आहे. नाव नीट वाचता येतं.
देवघराचा पडदा उघडला. दिवा लावला.
मग नियमांचा कागद काढला आणि राणीसमोरचं 'एक प्यादं' खोडलं. नवी किंमत काय लिहावी, ते सुचेना. आत जाऊन मंजुषाला विचारलं.
म्हणाली, आता विचारताय?